उत्तरेच्या भिंतीखालची जागा

थर्नेलचं चर्च गारगोट्यांचं आहे. इंग्लंडमधल्या सफोकच्या त्या भागात दगडाची खाण नाही, म्हणून नऊशे वर्षांपूर्वी लोकांनी नांगराच्या फाळाला लागलेल्या गारगोट्याच चुन्यात बसवून भिंती उभ्या केल्या. कोपऱ्यांना लावायला चिरे मिळेनात, तेव्हा मनोरा गोल बांधला. पाहुणे त्याला कलेचा नमुना म्हणतात. एनिड कॅटरमोल त्यांना सांगायची, कला कसली, नडलेल्या लोकांची शक्कल आहे ती.

चर्च झाडणं, पितळ घासणं आणि आल्यागेल्याला सगळं दाखवणं हे तिचं पंचेचाळीस वर्षांचं काम. ते तिला कुणी सोपवलं नव्हतं आणि काढून घ्यायचीही कुणाची छाती नव्हती. उत्तरेच्या भिंतीतला विटांनी बुजवलेला दरवाजा ती आवर्जून दाखवायची. पूर्वी बाप्तिस्म्याच्या वेळी तो उघडा ठेवत, बाळातला सैतान तिथून बाहेर पडावा म्हणून. सैतान ज्या बाजूला जातो तिकडे आपलं माणूस कोण पुरणार? म्हणून दक्षिणेला कबरींची दाटी आणि उत्तरेला नुसतं गवत. तिकडे गेले ते गळफास घेतलेले आणि बाप्तिस्म्याआधीच गेलेली पोरं. एवढं बोलून ती घाईघाईने छताच्या तुळयांकडे वळायची, कारण तिची मुलगी त्या गवतात होती.

एकोणीसशे त्रेसष्टच्या जानेवारीत, विहिरीसुद्धा गोठल्या होत्या तेव्हा, एनिड बावीस वर्षांची होती. मूल मेलेलंच जन्मलं. मुलगी होती एवढंच सुईणीने सांगितलं, तिला ते दाखवलंही नाही. तेव्हाची तीच रीत, न पाहिलेलं लवकर विसरतं म्हणे. नवरा लेन ते साबणाच्या पेटीत घालून, पेटी काखेत मारून बाहेर गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्याने तो विषय काढला नाही. एप्रिलमध्ये एनिडने हिय्या करून कबरी खणणाऱ्या वॉल्ट गूडरमला गाठलं आणि विचारलं, कुठे ठेवलंत? त्याने बुजवलेल्या दरवाजाशेजारी बोट दाखवलं. दुसऱ्याच आठवड्यात तिने तिथे बर्फातून वर येणाऱ्या पांढऱ्या फुलांचे कंद लावले. पुढे दुसरं मूल झालं नाही. फुलं मात्र दर वर्षी पसरत गेली.

मग चर्चला संडास हवा झाला. नव्या पाद्रीणबाईंचं म्हणणं चूक नव्हतं. लग्नाला आलेल्या माणसांनी झुडपाआड जावं, असा काळ राहिला नाही, आणि लग्नं बंद झाली तर चर्चला कुलूप लागेल. नळ न्यायचा तर नोंदलेल्या कबरी नसलेली बाजू एकच, उत्तरेची. अख्ख्या गावात विरोध एकट्या एनिडचा. कारण ती सांगेना, त्यामुळे लोक मागून म्हणायचे, म्हातारीला स्वर्गात संडास लागणार नाही, आपलं काय? शेवटी तिने पाद्रीणबाईंना एकटीलाच सगळं सांगितलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. बाईंनी तिचे हात धरले आणि शब्द दिला की तेवढा भाग यंत्राने नाही, हाताने खणू. जे सापडेल ते प्रार्थना करून लेनच्या कबरीत ठेवू.

हे ऐकलं आणि एनिडचा विरोधच मावळला. उलट तिला आता घाई झाली. आपली मुलगी आपल्याला दिसणार. हाडं तर हाडं, पण पाहायला मिळणार. तिने सुताराकडून ओकची वीतभर पेटी करून घेतली, आत घालायला लोकरीचं कापड विणलं, आणि कधी कुणापुढे न उच्चारलेलं नाव पाद्रीणबाईंना कागदावर लिहून दिलं. लग्नाच्या तयारीतही ती एवढी हरखली नसेल.

खणायला टेस नावाची मुलगी आली. पुरातत्त्वशास्त्र शिकलेली, हलक्या हाताची. तीन दिवस ती गुडघ्यावर बसून थापीने माती खरवडत होती आणि एनिड घडीच्या खुर्चीवर बसून तिला चहा पाजत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी टेस उठली, हात पुसले आणि खुर्चीशेजारी येऊन उकिडवी बसली.

"इथं काही नाहीये, मिसेस कॅटरमोल."

"एवढंसं होतं गं ते. विरघळलं असेल."

"हाडं विरघळतात. खड्डा विरघळत नाही. एकदा कुदळ लागली की माती मिसळते, हजार वर्षांनीही कळतं. तुमच्या कंदांखाली चिकणमाती आहे, हिमयुगात पडली तशीच. इथं कधी कुणी खणलेलंच नाही."

एनिडने तिला आणखी फूटभर खणायला लावलं. त्या पोरीने तेही खणलं. खाली तशीच निळसर, कोरी माती निघाली.

वॉल्ट अजून जिवंत होता, सत्त्याऐंशीचा, बाजाराच्या गावी वृद्धाश्रमात. एनिड दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तिथे गेली. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला उमगलं.

"जमीन लोखंडासारखी झाली होती, पोरी," तो म्हणाला. "पहार मारली तर ठिणग्या उडायच्या. दोन महिने तुझी पेटी मनोऱ्याखाली ठेवली, कापडात बांधून. मार्चात बर्फ वितळलं, तेव्हा सात प्रेतं खोळंबली होती. त्यांतल्या एका खड्ड्यात तळाशी ठेवली, वर थोडी माती लोटली. मग ज्यांचा खड्डा, त्यांची शवपेटी वर आली."

"कुणाच्या खड्ड्यात?"

"त्या हिवाळ्यात तुझं एकटीचं नव्हतं. अशी तीन होती. दिवसाला दोन-दोन खड्डे खणत होतो मी."

एनिडने साती जणांची नावं घेतली. दफनाची नोंदवही तिला पाठ होती. प्रत्येक नावाला वॉल्टने डोळे मिटले आणि आठवत नाही अशी मान हलवली.

"मग मला तिथं का दाखवलंत?"

"खरं सांगितलं असतं तर त्या घरांनी रान उठवलं असतं. आमच्या आईच्या खाली कॅटरमोलांचं पोर? तू समोर उभी, पांढरीफटक. माझं फावडं जिथं टेकून ठेवलं होतं, तिकडं बोट केलं मी. वाटलं, दोन दिवसांनी हळूच सांगू. तर तू फुलं लावून मोकळी. मग कुठल्या तोंडानं सांगणार?"

असलं भलेपणाचं खोटं बोलणारी माणसं वाईट नसतात, हेच त्यातलं वाईट. त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. एनिडने त्याचं पांघरूण नीट केलं आणि ती निघाली.

बसमधून उतरून ती थेट कबरस्तानात गेली. सातांपैकी तिघांना शिळा होत्या. बाकी चौघं गरीब. त्यांच्यावर लाकडी क्रूस होते. गवत कापायचं यंत्र आलं, तेव्हा चर्चच्या समितीने ते कुजके क्रूस उपटले आणि मातीचे उंचवटे सपाट करून टाकले. समितीची चिटणीस एनिडच होती. ठराव तिनेच लिहिला होता. आता ते चौघं कुठे आहेत, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. दक्षिणेचा तो सगळा हिरवा तुकडा, ज्यावरून ती रोज बादली घेऊन जवळच्या वाटेने चर्चच्या दाराशी जात आली होती, तिच्यासमोर पसरला होता. पाऊल टाकायला एक इंचही तिला सुरक्षित वाटेना. चुकीची का होईना, आजवर तिला एक जागा होती. आता तीही गेली. आपण आपल्याच लेकराला पंचेचाळीस वर्षं तुडवलं असेल, आणि तेही नक्की नाही, हे तिला सोसेना. ती कुंपणाला धरून बाहेर आली.

चर्चच्या किल्ल्या तिने त्याच संध्याकाळी पाद्रीणबाईंच्या दारातून आत टाकल्या, आणि पुन्हा ती त्या फाटकाच्या आत गेली नाही. इस्टरला संडास सुरू झाला. गावात म्हणतात, एनिड अजून त्यावरूनच रुसून बसली आहे.