अप्पांच्या हाताचं माप

"मुंडकी किती?"

दुकानात कुणीही शिरलं की अप्पांचा पहिला प्रश्न हा. नजर संगणकाच्या पडद्यावर, उजवा हात माऊसवर आणि आवाज इतका शांत, की नवख्या माणसाने दारातूनच परत फिरावं. जुनी गिऱ्हाइकं मात्र न बिचकता सांगायची, "मोठे तीन, मधले अकरा, बारीक चाळीस."

अप्पा फ्लेक्सचं डिझाईन करायचे. मूळचे उदगीरचे, पण पोटापाण्यासाठी नांदेडला येऊन वीसेक वर्षं झाली होती. दुकान म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. छपाई दुसरीकडे व्हायची. दुकानामागेच दोन खोल्यांचं घर होतं. घरात मुलगी अप्पा म्हणायची, म्हणून सगळी गल्लीही अप्पाच म्हणायची. मी जवळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ करून घ्यायला पहिल्यांदा गेलो आणि पुढे काम नसतानाही जाऊ लागलो.

चौकातला फ्लेक्स तुम्ही खालून पाहिला असेल. मी तो आतून पाहिला आहे. वर साहेब, मावतील तेवढे मोठे. त्यांच्या खांद्याशी दादा आणि भाऊ. तळाला शुभेच्छुक, डाळिंबाच्या दाण्यांसारखे दाटीने बसवलेले. कुणाचं डोकं कुणापेक्षा किती मोठं असावं यावर त्या दुकानात जेवढी गंभीर चर्चा व्हायची, तेवढी मी कॉलेजच्या एकाही सभेत ऐकली नाही. एकदा एक कार्यकर्ता खिशातून पट्टी काढून पडद्याला लावत म्हणाला, "अप्पा, गण्याचं डोकं माझ्यापेक्षा मोठं हाय."

"त्याचं डोकंच मोठं हाय. मी काय करू?"

"मग माझे केस वाढवा."

अप्पांनी केस वाढवून दिले.

यातलं प्रत्येक डोकं आधी त्याच्या फोटोतून कापून काढावं लागतं. कपाळ, कान, मिशी, मान अशा कडेकडेने माऊस न्यायचा, मध्येमध्ये टिचकी मारायची. एका डोक्याला शंभरेक टिचक्या. मी एकदा शहाणपणाने विचारलं, "अप्पा, हे आपोआप कापणारं सॉफ्टवेअर निघालंय ना?"

"हाय की. पर ते कान खाऊन राहिलंय सर. एका सरपंचाचे दोन्ही कान गेले. माणूस पुन्हा फिरकला न्हाई."

म्हणून अप्पा हातानेच कापत राहिले. आणि एक दिवस तो हात बोलू लागला.

आधी अप्पा हात झटकायला लागले, थर्मामीटर झटकावा तसा. मग एकदा चहाचा कप बोटांतून सुटला. पण मला खरं कळलं ते त्यांच्या कपाळावरून. सकाळी आंघोळ झाली की अप्पा गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायचे. पूजेनंतर कपाळावर उजव्या हाताच्या तीन बोटांनी भस्माचे आडवे पट्टे ओढायचे. ते पट्टे इतके सरळ असायचे की मी म्हणायचो, अप्पा, हेसुद्धा संगणकावर काढता का? ते पट्टे आता भुवईकडे घसरू लागले.

"अप्पा, आज रेघा तिरक्या?"

"बोटं बधिर होऊन राहिलेत सर. कपाळाला लागले का न्हाई, तेच कळंना."

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. मनगटातली नस दाबली जातेय, असं त्यांनी सांगितलं. पट्टा दिला, काम कमी करा म्हणाले, हाताला सोसेल असा माऊस घ्या म्हणाले. दीड महिन्याने बघू. बधिरपणा उतरला नाही तर छोटंसं ऑपरेशन. डॉक्टर लोक 'छोटंसं' हा शब्द नेहमी दुसऱ्याच्या शरीराबद्दल वापरतात.

अप्पा रस्त्यात थांबले. "सर, ह्या मनगटावर घर हाय माझं. ह्याच्यात चाकू घालू देऊ? अन् नंतर कान नाही कापता आले तर?"

त्यांना दुसरं काही येत नव्हतं. मुलगी, शिवलीला, लातूरला फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं शिक्षण याच टिचक्यांवर चाललं होतं. दीड महिना होता हातात, आणि त्यात माऊस बदलायचा होता.

माऊस घेणं ही एवढी मोठी गोष्ट असेल हे मला माहीत नव्हतं. संगणकाच्या दुकानातल्या तरुण मालकाने पहिल्यांदा जो दाखवला त्यातून सात रंगांचे दिवे लागत होते.

"घ्या अप्पा, रंग बदलतंय. गेमवाले हेच नेतात."

"मनगटाला रंग दिसतो का?" अप्पांनी विचारलं.

मग त्याने उभा माऊस काढला. समोरच्याशी हात मिळवावा तसा तो धरायचा असतो. हातासाठी हाच चांगला, सगळे डॉक्टर हाच सांगतात, असं त्याने ठासून सांगितलं. अप्पांनी तो नेला आणि दोन दिवसांनी परत आणला. त्यांचा पंजा लहान. त्या उंच माऊसला बोटं पुरेनात, म्हणून ते तो जास्तच आवळून धरायला लागले होते.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"दिवसभर कुणाशी तरी हात मिळवून बसल्यागत वाटतंय सर. समोरचा काही सोडंना."

तिसऱ्यात अंगठ्याने फिरवायचा गोळा होता. माऊस जागचा हलत नाही, नुसता गोळा फिरतो. कल्पना छान होती. पण अप्पांचा अंगठा आधीच दुखत होता आणि तो का दुखत होता हे तेव्हा कुणी विचारलं नाही. तो माऊसही परत गेला. दुकानदार बिचारा भला. तिसऱ्या वेळी मात्र म्हणाला, "अप्पा, चप्पल घेऊन राहिलाव का माऊस?"

आणि अप्पा दचकलेच. परत येताना म्हणाले, "सर, पोरगं बरोबर बोललं. चपलेला आपण पायाचं माप देतो. हाताचं माप कुणीच घेतलं न्हाई."

घरी जाऊन त्यांनी बायकोपुढे, म्हणजे आमच्या वहिनींपुढे, हात केला. वहिनी भाकरीचं पीठ मळत होत्या.

"एक गोळा द्या."

"कशाला?"

"हात ठेवायचाय त्याच्यावर."

"अवो, भाकरीचं पीठ हाय ते. खेळायला न्हाई."

पण दिला. शिवलीलाने फोनवरून सांगितल्याप्रमाणे अप्पांनी हात सैल सोडून नुसता त्या गोळ्यावर टेकवला, दाबला नाही. ज्वारीच्या पिठाला तडे गेले, तेव्हा कणकेचा गोळा आला. त्यावर उठला तो हाताचा आराम. बुटका, बारका, बोटांकडे थोडा उतरता. वाळल्यावर तो कॅरीबॅगमध्ये घालून आम्ही दुकानात गेलो.

"हे काय अप्पा, बट्टी?"

"माप हाय. ह्याच्यासारखा दाखव."

दुकानदार हसला, पण हसता हसता खालचे खण उघडू लागला. एकेक माऊस कणकेशेजारी ठेवून पाहिला. शेवटी सगळ्यात खालच्या खणातून, धूळ पुसून, एक साधा काळा माऊस निघाला. हलका, बुटका, दोन्हीकडून सारखा, दिवे नाहीत, खोक्यावर कसली मोठी घोषणा नाही. अप्पांनी हात ठेवला. बोटं आपोआप पसरली. त्यांचा चेहरा मी पाहत होतो. गर्दीत बसायला जागा मिळालेल्या माणसाचा असतो तसा झाला.

"हे तर कुणी घेतच नाही," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच राहिलंय माझ्यासाठी," अप्पा म्हणाले.

त्याच आठवड्यात शिवलीला लातूरहून आली. तिने माऊस पसंत केला, पण टेबल पाहून कपाळाला हात लावला. इतकी वर्षं अप्पा उंच टेबलाच्या धारेवर मनगट मोडून बसत होते. सुताराला बोलावून टेबलाचे पाय चार बोटं कापले. मग ती म्हणाली, "अप्पा, आता निम्मं काम डाव्या हातानं करायचं. ह्या माऊसला उजवं-डावं न्हाई. उजव्याला विश्रांती मिळायलाच पाहिजे."

अप्पांनी डावा हात मागे घेतला. "डाव्यानं न्हाई."

"का बरं? सवय होईल आठ दिवसांत."

"सवयीचं न्हाई बाई. ह्या तळहातावर लिंग घेतो मी. त्यानं ही मुंडकी कापू?"

शिवलीला माझ्याकडे बघू लागली. इतरांच्या श्रद्धेवर बोलायची मला हौस आहे, पण समोर बसलेल्या माणसाच्या तळहाताकडे बघून ते जमत नाही. एकीकडे तो हात, दुसरीकडे ऑपरेशन. आणि दीड महिन्यातले तीन आठवडे गेलेले.

दारात उभ्या असलेल्या वहिनी बोलल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"दिवसातून दहादा त्याच तळहातावर तंबाखू मळता. तवा न्हाई आठवत महादेव?"

अप्पांच्या वरच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती. ती आम्हाला सगळ्यांना दिसत होती.

शिवलीलाच पुढे हळूच म्हणाली, "आणि मळता कशानं? उजव्या अंगठ्यानं. त्या अंगठ्याचं दुखणं मला आता कळलं."

अप्पा खाली मान घालून बसले. मग उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा खिसा रिकामा होता. माऊस उचलून टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला, दोन्ही हात स्वच्छ धुऊन आले आणि डावा हात त्यावर ठेवला. तो हात ठेवतानाही त्यांनी क्षणभर डोळे मिटले होते.

पुढचे पंधरा दिवस तंबाखूवाचून काढणाऱ्या माणसाच्या दुकानात बसणं सोपं नव्हतं. गिऱ्हाइकाने साहेबांचं डोकं अजून मोठं करा म्हटलं की अप्पा म्हणायचे, "मोठं केलं तर तुमचं मावत न्हाई. बोला." गिऱ्हाईक लगेच साहेबांना लहान करायला तयार व्हायचं. निष्ठेची एवढी नेमकी मोजणी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

डाव्या हाताने कापलेलं पहिलं डोकं हदगावच्या एका भाऊंचं होतं. माऊस घसरला आणि दोन्ही गाल बरेच आत कापले गेले. अप्पा घामाघूम झाले. भाऊ आले, पडद्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "अप्पा, ह्या वेळी भारी काढलाव! तब्येत उतरल्यागत दिसायलो." पुढे मुद्दाम डाव्या हाताने कापून मागणारे दोन-तीनजण निघाले.

अप्पा आता नांदेडला नाहीत. शिवलीलाने लातूरला स्वतःचा दवाखाना टाकला तेव्हा ते आणि वहिनी तिकडे गेले. त्यांच्या जागेत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मीही निवृत्त झालो. माझ्या निरोपाचा फ्लेक्स करायचा प्रस्ताव आला होता. करणारा माणूस गावात नाही या कारणावर मला तो टाळता आला. पण अप्पांची आठवण निघाली की मला दुकान आठवत नाही. दीड महिना भरला तो दिवस आठवतो.

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचं टोक एकेका बोटाला लावलं.

"हे कुठलं?"

"अंगठा."

"आणि हे?"

अप्पा थांबले. "मधलं."

"आता?"

"त्याच्या शेजारचं. अंगठ्याकडचं."

डॉक्टरांनी मनगटावर टिचकी मारली, मुठी वळायला लावल्या, अंगठा दाबून पाहिला. "ऑपरेशनची गरज नाही. करताय तसंच करत राहा. तीन महिन्यांनी दाखवून जा."

अप्पांचे डोळे मिटलेलेच. "सर," ते मला म्हणाले, "न्हाई म्हणले का ते?"

"नाही म्हणाले. उघडा आता डोळे."

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारातच होत्या. अप्पांनी नुसती मान हलवली. वहिनींनीही हलवली आणि आत जाऊन दोन ताटं वाढली, एक माझं. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. मग त्या अप्पांच्या ताटाशी बसून भाकरी कुस्करायला लागल्या. बोटांत जोर नाही म्हणून गेले दोन महिने त्या अप्पांची भाकरी मोडून देत होत्या. एवढ्या वेळा घरी आलो, पण मला हे माहीत नव्हतं.

अप्पांनी ताट आपल्याकडे ओढलं. एकट्या उजव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला, अंगठा आणि दोन बोटांनी, कडकडीत काठापासून. पिठल्यात बुडवला. वहिनी त्या बोटांकडे बघत होत्या. दुसरा घास झाला, तिसरा झाला.

चौथ्या घासाला त्या उठल्या आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.