मासोळीचा दिवा

आमच्याकडे माणूस गेला की जिथे त्यानं प्राण सोडला तिथे पीठ पसरून दिवा ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठावर कसली खूण उमटली ते पाहायचं, त्यावरून पुढचा जन्म कळतो म्हणे. बाबा गेले तेव्हा आत्यानं टोपली उचलली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मासोळी."

झालं! गोंदियातल्या आमच्या बैठकीत बाबांनीच हौसेनं आणलेली काचेची टाकी होती आणि तीत एकच गोल्डफिश उरला होता. त्या दिवसापासून आईनं त्याला मासा म्हणणं सोडलं. ते जेवले का, ते आज कोपऱ्यातच बसून आहेत, असं चालायचं. माझं डोकं फिरायचं. पिठावरची रेघ झुरळाच्या पायांची होती, असं एकदा बोलून गेलो, तर आईनं माझ्याशी अबोलाच धरला.

त्या काळात भारनियमन जोरात होतं. सायंकाळी लाइट गेली की टाकीवरची ट्यूब विझायची आणि आई मेणबत्ती घेऊन काचेपाशी बसायची. बाबांना शेवटच्या आजारपणात अंधाराची धास्ती बसली होती, खोलीतला दिवा कुणाला मालवू देत नसत.

"तुया बाबाले भेव वाटते अंधाराचा," आई म्हणायची. "गावभरचे रेडिओ दुरुस्त करतो, घरच्या माणसासाठी एक लाइट नाही बनवत. काऊन?"

शेवटी मी हात टेकले. मोटारसायकलची जुनी बॅटरी, अॅल्युमिनियमची पट्टी आणि एलईडी घेऊन बसलो. उजेड समईसारखा पाहिजे ही आईची अट, म्हणून पांढऱ्यांमध्ये लाल घातले. सारख्याच लांबीच्या ओळी केल्या, काही पांढऱ्या, काही लाल, आणि सगळ्यांना मिळून करंट आवरणारा एकच रेझिस्टर लावला. पट्टी टाकीवर बसवून बटण दाबलं तर लाल ओळी भडकल्या आणि पांढऱ्या मेल्यासारख्या पडल्या. लाल एलईडीला कमी व्होल्ट पुरतात, त्यामुळे सगळा करंट तेच गिळत होते. पाणी लालभडक झालं आणि त्यात एक सावली फिरू लागली. मी पट्टीला हात घातला.

"उतरवतो," मी म्हटलं.

"राहू दे. अंधारापरीस बरं हाये," आई म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत एकदाची पट्टी उतरवली. आता प्रत्येक ओळीला तिचा वेगळा रेझिस्टर. मीटर लावून करंट मोजायचा, एखादी ओळ जास्त ओढत असेल तर तिचा रेझिस्टर मोठा करायचा, पुन्हा सोल्डरचा डाग द्यायचा, पुन्हा मोजायचं. टाकी माझ्या पाठीमागे होती. मान वळवली की मासा काचेला तोंड लावून उभा. मी काम करत असलो की बाबा असेच मागे येऊन उभे राहायचे आणि खोट काढायचे. घरात कोणी बोललं नव्हतं, पण "अशानं जळते ते" हे मी ऐकलं, अगदी त्यांच्या आवाजात. चिडून टाकीवर टॉवेल टाकला. मग मलाच राहवेना, लगेच काढला.

सगळ्या ओळी सारख्या जुळल्या तेव्हा पट्टी पुन्हा टाकीवर बसवून आईला हाक मारली. उजेड सगळीकडे एकसारखा पडला होता, किंचित तांबूस. टाकीचा तळ दिसला, शेवाळ दिसलं, मासा संथपणे पुढे आला. त्याच्या डोळ्यावर पांढरा पडदा होता. तो वळला, तर दुसऱ्याही डोळ्यावर तसाच. बाबांचे डोळे मोतीबिंदूनं शेवटी असेच झाले होते.

मी बोटानं काचेवर टकटक केली, तसा तो दचकला. पण नुसतं डोळ्यांसमोर बोट फिरवलं, तर हललासुद्धा नाही.

आईनं काचेशी वाकून पाहिलं. मग खाली बसली.

"त्याईले दिसतच नाही," ती म्हणाली. "बंद कर. कायले जाळून राहिला?"

बटण माझ्या हाताशीच होतं. इतके दिवस मीच तर म्हणत होतो की हा सगळा खुळेपणा आहे.

"असू दे आई," मी म्हटलं. "बाबाले नाही दिसत त नाही. मले तर बाबा दिसून राहिले ना."