भाकर घरची, रस्सा आमचा

नागपूरला जायचं नव्हतं, म्हणून मी गिरडला निघाले. वाचून हसाल, पण खरं तेच आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. ह्यांच्याकडचं कॅन्टीनचं काम सुटलं आणि नागपूरच्या मोठ्या दिरांनी त्यांच्या हॉटेलात बोलावलं. म्हणजे जन्मभर जावेच्या हुकमात कांदे चिरायचे. मी ह्यांना गळ घातली, आधी आपला वर्धा जिल्हा फिरू. हॉटेलाला जागा मिळाली तर इथंच राहू, नाही तर मुकाट्यानं येईन. घरी हिंगणघाटला वळकट्या बांधूनच ठेवल्या होत्या.

समुद्रपूरमार्गे एसटीनं गिरड. रस्ता असा की खाल्लेलं वर यावं, पण दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस बघून बरं वाटतं. तुम्ही गेलात तर सकाळीच तिथल्या दर्ग्याची टेकडी चढा, नंतर ऊन सोसत नाही. नवसाला आलेल्यांची गर्दी बघून ह्यांचे डोळे चमकले. पण झाडाझाडाखाली बघावं तर ज्याची त्याची चूल! सगळे भांडीकुंडी, तांदूळ घेऊनच आलेले. एका बाईला मी विचारलं, इथं हॉटेल चालेल का?

"नवसाचं सोताच्या हातानं रांधा लागते, बाई," ती म्हणाली. "बसा, जेवून जाजा."

हॉटेलाची जागा शोधायला गेलेलो आम्ही फुकट जेवून उतरलो. जेवण मात्र फार चवीचं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून पॅसेंजरनं पुलगाव. स्टेशनासमोर चांगली ऐसपैस खोली होती आणि हे लगेच इसार द्यायला निघाले. मी म्हटलं, कापडगिरणीची जेवणाची सुट्टी होऊ द्या. भोंगा झाला, गिरणीतली माणसं बाहेर आली, आणि अर्धी घराकडे वळली, अर्ध्यांनी तिथंच डबे उघडले. लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोतल्या लोकांचं जेवण आतच. चहाच्या टपऱ्या तर आधीच रांगेनं उभ्या. परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जाऊ नागपूरले."

वर्ध्याला मावसबहिणीकडे मुक्काम होता. सकाळी हिंगणघाटची बस धरायच्या आधी मी ह्यांना ओढतच कापसाच्या बाजारात नेलं. कापसाच्या बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत माणसं गाडीखाली पथारी टाकून राहायची. प्रत्येकाजवळ फडक्यात बांधलेली शिदोरी.

"हे बी घरूनच आणतेत," हे म्हणाले आणि मागे फिरले.

मी फिरले नाही. एक म्हातारबाबा भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून खात होते. विचारलं, बाबाजी, असं काऊन?

"भाकर वाळली, बाई. बैल अन् कापूस सोडून गावात जाता येत नाई. गरम रस्सा भेटला असता, तं झकास झालं असतं."

झालं, बस सोडून दिली. बहिणीच्या चुलीवर वांगं-बटाट्याचा झणझणीत रस्सा केला, वर तर्री आणली, आणि पातेलं रिक्षात घालून रांगेपाशी आलो. हे तोंड फिरवून उभे होते.

"नुसता रस्सा इकणारं हाटेल? लोक हसतीन."

"हसू द्या. जेवतीन तं."

गाडीगाडीतून जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, वाट्या निघाल्या. बाबांनी भाकर कुस्करली, वरपली, आणि वाटी पुन्हा पुढे केली. पैसे कोणी बुडवले नाहीत. थोड्या वेळानं बघते तर वाढायचा पळा ह्यांच्या हातात होता. बाजाराच्या कुंपणाला लागूनच कडुनिंबाखाली एका लोहाराची रिकामी टिनाची शेड होती. तिथंच बोलणी झाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

तुम्ही हॉटेल काढणार असाल तर एवढंच सांगेन, गर्दी बघून भुलू नका. लोक घरून काय आणतात आणि काय आणू शकत नाहीत, ते बघा. त्या शेडनं आम्हाला पुढे कितीतरी वर्षं पोसलं. कापूस सरला की तुरीच्या गाड्या यायच्या, शिदोऱ्या त्याच.

पण त्या सहलीतलं मनात राहिलंय ते हिंगणघाटला परतल्यावरचं. घरात शिरताच ह्यांनी नागपूरसाठी बांधलेल्या वळकट्या सोडल्या. त्यात गुंडाळलेलं आमचं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, अंगणात उजेडात धरून बघितलं. मी दारात उभी राहून रडत होते, अगदी हुंदके देऊन.

हे पातेल्यातच बघत म्हणाले, "हे लहान पडन."