तराजूचा उजवा हात

...तर काल आपण इथवर आलो होतो, की तराजूचं मुंडकं त्याच्याच दुकानाच्या काउंटरवर दाबलेलं, आणि दाबणारा कुणी परका नाही, त्याच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या या गड्याला तराजू म्हणायचे ते त्याच्या उजव्या हातामुळं. पॉवर सप्लाय, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कुठलाही आणा, तो तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचा, दोनदा खालीवर करायचा. हलका लागला की म्हणायचा, आत तांबं नाही, नुसती हवा भरलीय. त्या हातावर घर चालत होतं. गिऱ्हाईक लेबल वाचायचं नाही. तराजूनं तोलला ना, मग झालं.

मेहुण्यानं व्हिडिओच्या कामासाठी विटेएवढं नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. तराजूनं हिशेब चोख मांडला. कार्ड एकटंच तीनशे वॉट खाणार, बाकीचं मशीन दोनशे, वर विजेची अचानक ओढ बसली तर हात सैल हवा. म्हणजे साडेसातशेचा सप्लाय. कार्डाला वायरीही दोन वेगळ्या दिल्या. कधी न ऐकलेल्या कंपनीचा सप्लाय तळहातावर घेतला, तर भलताच जड. गडी हरखला. हा तुझ्या नातवंडांनाही पुरेल, म्हणाला.

मेहुण्यानं मशीनवर पहिलं खरं काम टाकलं आणि सप्लाय धाडकन फुटला. कार्डाचा कोळसा झाला, जाळानं मेहुण्याच्या भुवया नेल्या. तो तसाच, जळका सप्लाय बगलेत मारून दुकानात आला आणि तराजूच्या नाकावर ठोसा हाणला. रक्त कीबोर्डभर. तराजूही काही गरीब गाय नव्हता. त्यानं मॉनिटरचा स्टँड उचलून मेहुण्याच्या बरगडीत घातला. काचेचं कपाट आडवं झालं, दोघं काचांत लोळले, कोपरं फाटली. शेवटी तराजूचा दम सरला. मेहुण्यानं त्याला काउंटरवर पालथा घातला आणि उजवा हात पाठीमागं पिळला. मारतानाही नातं मात्र सांभाळत होता बरं का!

"भाऊजी, ज्या हातानं तोललंत, तो आज ठेवत नाही. दात आवळून धरा."

करंगळी मोडली, तो आवाज समोरच्या चावीवाल्यानं ऐकला. दुसऱ्या बोटाला हात घातला तोच आतल्या खोलीत वायरींना सोल्डरचे डाग देत बसलेली तराजूची बायको बाहेर आली. कुणाची बाजू घ्यावी या भानगडीत ती पडलीच नाही. तिनं जळका सप्लाय उचलला आणि भावाच्या टाळक्यावर नेम धरून भिरकावला. भाऊ वाकला. सप्लाय शटरवर आपटून उभा फाटला, आणि आतून सिमेंटचा गोळा घरंगळत तिघांच्या मधोमध येऊन थांबला. तांबं म्हणाल तर चिमूटभर.

मेहुण्यानं हात सोडला. गोळा तळहातावर घेतला, दोनदा खालीवर केला. वजन तर खरंच उत्तम होतं. मग त्यानंच आपला शर्ट फाडून भाऊजींचं बोट बांधलं आणि खाली मान घालून विचारलं, की आता सप्लाय निवडणार कसा?

तराजू तोंडातलं रक्त थुंकला आणि म्हणाला, "आधी पोट फाडून बघणार, मग पुरता भार टाकून चालवणार. तरी शंका राहिली, तर तुझ्या बहिणीच्या हातात देणार."