मावशीच्या भिंतीवरचे ठिपके

बोरीच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हाची म्हणजे सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. यातलं बारा आणे खरं आहे आणि उरलेलं चार आणे त्याहूनही खरं आहे.

विहाराच्या गल्लीत मी भाड्याच्या खोलीत राहायचो. समोरच मावशी राहायची. मावशी माझी नव्हे, अख्ख्या गल्लीची. मजुरी करून एकटी राहणारी, काडीसारखी बाई. पण कोंबडी अंड्यांवर बसवावी तर तिनंच. तिच्या हातानं मांडलेलं अंडं वाया गेलं असं कुणी ऐकलं नव्हतं. बाया आपापली खुडूक, म्हणजे उबवायला बसू बघणारी, कोंबडी काखेत आणि अंडी पदरात घेऊन तिच्या दारात यायच्या. मावशी टोपलीत राख पसरायची, वर भुसकट घालायची, विजेच्या कडकडाटानं अंडी मरू नयेत म्हणून एक कोळसा आणि एक खिळा खोचायची आणि मग अंडी मांडायची. सात, नऊ नाहीतर अकरा. जोडीचा आकडा तिला चालत नसे.

मग रोज सकाळी तंबाखू मळून झाली की बोटाला उरलेला चुना ती भिंतीला टेकवायची. एका दिवसाचा एक ठिपका. एकविसावा ठिपका पडला की टोपलीत चिवचिव सुरू. एकदा मावशीला ताप होता म्हणून ठिपका दुपारी पडला, तर पिल्लं तोवर कवचात दम धरून थांबली होती. मी स्वतः पाहिलंय.

तिची स्वतःची कोंबडी म्हणजे काबरी. खुडूक झाली की तिच्या अंगातून अशी धग निघायची की थंडीत मी तिच्या टोपलीशेजारी बसून वह्या तपासायचो. चिडली तर बैलाला गल्लीतून उलटा पाठवायची.

अशात मी येलदरीचं धरण बघायला गेलो. लोक भिंत बघत होते, पाणी बघत होते. मला काठावरच्या एका मासेवाल्याची बदकं दिसली आणि धरण डोक्यातून वाहून गेलं. काय ती चाल! तपासणीला आलेल्या साहेबासारखी. मी त्या माणसाच्या मागेच लागलो. शेवटी त्यानं नऊ अंडी दिली आणि बजावलं, "बदक बसत न्हाई नीट, कोंबडीखाली ठिवा. रोज पाण्याचा शिपका मारा. अन् अठ्ठावीस दिवस, बरं का. घाई करू नका."

ज्वारीनं भरलेल्या डब्यात अंडी पुरून मी एसटीत बसलो. बसलो म्हणजे काय, प्रत्येक खड्ड्याला डबा वर उचलायचा म्हणून जिंतूरपर्यंत बूड टेकलंच नाही. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, उभ्याचं तिकीट निराळं नसतं. बसा की."

काबरी नेमकी खुडूक होती. पण मावशीनं बदकाचं नाव ऐकलं असतं तर अंडी डब्यातच राहिली असती. तिच्या मते बदक म्हणजे चिखल करणारं, बिनकामाचं जनावर. म्हणून मी एक थाप मारली. एकच. माझ्या हिशेबानं ती काही थापच नव्हे.

"मावशे, हैदराबादी कोंबडीची अंडी हायत. लय मोठी जात."

तिनं अंडं उन्हात धरलं. "हिरवट कामून हाय?"

"तिकडचं पाणीच तसं हाय."

तिचा माझ्यावर विश्वास होता, शिकलेला माणूस. तिनं नऊ अंडी मांडली, कोळसा खोचला, आणि दुसऱ्या दिवशी पहिला ठिपका पडला.

मी रोज शाळेत जाता जाता टोपलीवर पाणी शिंपडायचो. एकदा मावशीनं पकडलं. "गुरुजी, अंड्याला आंघोळ घालायलाव का?"

"हैदराबादी हायत ना, मावशे. गर्मी सोसत न्हाई त्यांना."

"हैदराबादला काय बर्फ पडायलाय का?" असं म्हणत ती हसली, पण पाणी शिंपडू दिलं.

सात दिवसांची अडचण मला माहीत होती. तेव्हाचं तेव्हा बघू, सात दिवस थापा मारायला आपल्याला काय जड, असा माझा हिशेब होता.

एकविसावा ठिपका पडला. मावशीनं टोपलीला कान लावला. आत काही नाही. संध्याकाळी पुन्हा लावला. बाविसाव्या दिवशी तिनं तंबाखू मळली आणि बोट लुगड्याला पुसून टाकलं.

तेविसाव्या दिवशी विहाराच्या पायरीवर बाया बसल्या होत्या. शेजारच्या अंगणातली सून, तोंडाची भारी फटकळ, तिनं हाक मारली, "मावशे, तुही काबरी अंड्यावर बसलीय का बाळंतिणीच्या बाजेवर?" बाया हसल्या. मावशीही हसली, पण उशिरा. त्याच संध्याकाळी एक बाई अकरा अंडी पदरात घेऊन गल्लीत शिरली आणि मावशीच्या दारावरून पुढं, दुसऱ्या आळीला निघून गेली. मावशीनं तिला जाताना पाहिलं. मी मावशीला पाहताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटून आलो तर मावशी अंगणात, काबरी एका काखेत आणि अंड्यांची टोपली पुढ्यात. काबरी खाणंपिणं सोडल्यासारखी झाली होती. तुरा फिका, छातीचं हाड वर आलेलं.

"कुठं निघालीस, मावशे?"

"उकिरड्यावर. गंदी झालीत सगळी, आतून नासली." मग काबरीचा फिका तुरा चाचपत म्हणाली, "गुरुजी, मह्या हाताला काय झालं असंल व? इतकी वर्षं झाली. एक अंडं गेलं न्हाई. मह्याकडं दुसरं हाय काय?"

थापांची पोतडी घेऊन फिरणारा माणूस मी. हात घातला आणि पोतडी रिकामी.

"हाताला काई झालं न्हाई, मावशे. अंडी बदकाची हायत. त्यांना अठ्ठावीस दिवस लागतात. मला म्हाईत व्हतं."

बाया अजून मजुरीवरून यायच्या होत्या, गल्लीत ऐकायला एकटी काबरी होती.  मग मावशी जे बोलली ते मी इथं निम्मं लिहितो. उरलेलं लिहिलं तर कागद पेटेल.

"मुडद्या! गुरुजी म्हणून इस्वास ठिवला तर गल्लीत मही इज्जत घालवलीस! पोरायला हेच शिकवितोस का? दोन दिवसांपासून ऐकून घ्यायले मी, अन् तू रोज पाणी शिंपडून जायलास!"

"चुकलं, मावशे."

"तोंड बंद कर अन् कोमट पाणी आण."

मी घमेल्यात कोमट पाणी आणलं. तिनं एकेक अंडं अलगद सोडलं. दोन अंडी मढ्यासारखी पडून राहिली. मग तिसरं जरासं डुललं. चौथं थरथरलं. बाकीची तर अशी नाचायला लागली की घमेल्याबाहेर पाणी उडालं. मावशी खाली वाकून बघत राहिली, नाक पाण्याला टेकेपर्यंत.

"जित्ती हायत," ती हळूच म्हणाली. मग दोन वेगळी काढून सात अंडी पदरानं पुसली, काबरीखाली सरकवली आणि काबरीला बोटानं ताक पाजलं. माझ्याकडं न बघता बोलली, "कुणाला सांगितलंस तर टांगडी मोडीन."

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी सातही फुटली. पिवळीधमक, चपट्या चोचीची. गल्ली लोटली. फटकळ सून ओरडली, "अगं बया, ह्यायची चोच कुणी चेपली?"

मावशीनं तंबाखूची चिमूट गालात धरली. "बदकं हायत ती. एकवीस दिवस कोंबडीचे, बदकाचे अठ्ठावीस. एवढं बी म्हाईत न्हाई तुमाला? मीच गुरुजीला येलदरीला धाडलं व्हतं अंडी आणायला. इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. उभ्या आयुष्यात कुणी माझ्या तोंडावर इतकी घडीव थाप मारली नव्हती.

"व्हय," मी म्हणालो. "मावशीनंच धाडलं व्हतं."

तिसऱ्या दिवशी हापशाखालच्या डबक्यात पिल्लं उतरली, तेव्हा काबरीनं काठावर असा आकांत मांडला की मावशी धावत गेली आणि तिला पोटाशी धरून बसली. "वरडू नको, माय. बुडत न्हाईत ती. त्यायची जातच तशी हाय." पुढं रोज संध्याकाळी हेच. पिल्लं पाण्यात, काबरी मावशीच्या मांडीवर, आणि मी दोघींसमोर गुमान उभा.

बाया परत यायला लागल्या. अकरा अंडी दुसऱ्या आळीला नेलेली बाईही आली. येणाऱ्या प्रत्येकीला मावशी भिंत दाखवायची, "मोज," म्हणायची. ठिपके अठ्ठावीस होते. पहिले एकवीस धुरानं पिवळसर पडलेले आणि शेवटचे सात पांढरेशुभ्र, एकाच बोटाचे, एकाच सकाळचे.

मोजताना बाया मला विचारायच्या, "बरोबर हाय का, गुरुजी?"

मी प्रत्येक वेळी पुन्हा मोजून सांगायचो, "बरोबर हाय."