वामेची वाट

उभ्या खानदेशात माशांच्या येण्याजाण्याची काळजी वाहणारा आणि जन्मात मासा न चाखलेला माणूस एकच. तो नेमका माझा थोरला साडू निघावा, हे माझं नशीब. मला मासा ओळखू येतो तो फक्त तळलेला. नाना मात्र वामेचा विषय निघाला की हातातला घास ताटात ठेवतात. बाकीचे मासे अंडी घालायला नदीत वर चढतात. हा सापासारखा मासा उलटा, तापीतून थेट समुद्राकडे. "बाळंतपणले माहेरी जास ती," नाना सांगतात. ती तिकडेच मरते. पिल्लं मग आईवाचून, कधी न पाहिलेली नदी शोधत वर येतात. ओल मिळाली तर भिंतसुद्धा चढतात म्हणे.

म्हणून शिंदखेड्याजवळच्या आपल्या गावी नाना दर पावसाळ्यात बंधाऱ्याच्या भिंतीवर तरटं टांगतात आणि बादलीनं भिजवत बसतात. अक्का, माझी थोरली मेहुणी, करवादतात, "मनं लुगडं वाळत टाकाले यासनी कंबर दुखस, तरटं टांगाले नही दुखत!" एकदा मीही शहाणपणा केला, "नाना, खाली उकाईचं एवढं धरण. त्यातून कोण येणार?"

"उकाईनं उकाईवाला देखतीन, साडूभाऊ. आपलं दार आपीन उघडं ठेवानं."

मी हसलो आणि हसता हसता आठवलं. नानांची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती तिथंच गेली. तान्ह्या नातीला जावई खाली तापीच्या मुखाशी, सुरतेला घेऊन गेले आणि रागानं म्हणा, दुःखानं म्हणा, पुन्हा कधी पाठवलं नाही. तरटं त्याच पावसाळ्यापासूनची.

गेल्या श्रावणात ती नात आली. स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन, एका दुपारपुरती. हनुवटी थेट आईची. अक्का तिला वाढतच राहिल्या. जेवण होताच नाना तिला बंधाऱ्यावर घेऊन गेले. मागोमाग मी. तरटांकडे पाहून ती हसली, "नाना, आ शुं छे? हे काय?" नानांनी वामेची सगळी हकीकत सांगितली.

"मग आली का कधी पिल्लं?"

मी दुसरीकडे पाहू लागलो. इतक्या वर्षांत एक शेपूट दिसलेलं नव्हतं.

"वाट लांब शे, बेटा," नाना म्हणाले. "येवाले टाईम लागस."

संध्याकाळच्या पॅसेंजरनं ती सुरतेला परत गेली. मला वाटलं, आता तरटं निघतील. सकाळी पाहतो तर नाना बादली घेऊन बंधाऱ्यावर. एक विनोद ओठांवर आला होता, तो गिळला आणि म्हणालो, "द्या इकडे."

"खालपर्यंत भिजवा, साडूभाऊ," नाना म्हणाले. "कोरडं राह्यनं तं मांगे फिरतस."