बोर्ड पुसणारी बानूबाई

बानूबाई, हे तुझ्याविषयी लिहिते आहे. वाचून दाखवीन तेव्हा मधेमधे "आसं न्हवतंच" म्हणू नकोस. असंच होतं.

जिंतूर रोडवरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बानूबाई झाडलोट करते. चारठाण्याकडची, माहेर-सासर दोन्ही मेंढरांवालं. दर शनिवारी ती ऑफिसाबाहेरचा निळा बोर्ड ओल्या फडक्यानं पुसते. आग लागली तर काय करायचं ते त्यावर लिहिलंय, अशी तिची समजूत. चार वर्षं त्या समजुतीवर बोर्ड लख्ख राहिला.

एका शनिवारी वजनकाट्यावरची वैष्णवी त्या बोर्डापुढं येऊन उभी राहिली. डोळे लाल. सुपरवायझर सिताराम काटा बघायच्या निमित्तानं रोज तिच्या पाठीवर हात ठेवायचा, आणि आदल्या दिवशी तो हात खाली सरकला होता. मॅनेजर रामप्रसादनं तिचा अर्जच घेतला नाही. "चार दिवस घरी बस, नाहीतर कायमचीच बस," म्हणाला.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव काय?"

"बानूबाई धोंडीबा. कामून गं?"

"ह्या बोर्डावर लिवलंय, लैंगिक छळाच्या तक्रार समितीत तुमी हायत."

"म्या? कवापासून?"

"चार वर्षं झाली."

पगाराच्या कागदांत रामप्रसादनं एक अंगठा जास्तीचा उठवून घेतला होता. कायद्याला समितीत बायका लागतात. न वाचणारी बाई त्याला सोयीची वाटली. बाहेरची सदस्य म्हणून माझं नाव. कॉलेजातून निवृत्त, म्हणजे शोभेची. दरवर्षी न झालेल्या बैठकीच्या कागदावर मी सही ठोकत होते. अंगठेवालीला निदान ठाऊक तरी नव्हतं.

बानूबाईनं फडकं खांद्यावर टाकलं, वैष्णवीचा अर्ज कमरेला खोचला आणि बैठक भरवायलाच लावली. अध्यक्ष माधवीबाई, ऑफिसातल्या, आधीच घामाघूम. रामप्रसादला तिथं बसायचा हक्क नव्हता, तरी बसला.

"मी तर बापासारखा हात ठेवला," सिताराम म्हणाला.

"बापासारखा?" बानूबाई म्हणाली. "माझा बाप मरून वीस वर्सं झाली. माझ्या पाठीवर कधी ठिवला न्हाईस रं!"

माधवीबाईंनी हसू पदरात कोंबलं.

"चौकशी होईपर्यंत पोरीला घरी बसवू," रामप्रसाद म्हणाला.

"साहेब, मेंढा धडका मारायलाय तर दावं मेंढ्याला लावतेत. कळप घरी बसवतेत का?"

ज्याच्यावर तक्रार, त्याला चौकशीपुरतं दुसरीकडं हलवायची कायद्यात सोय आहेच. मी फक्त कलम वाचून दाखवलं. वैष्णवीनं तिथंच लेखी मागणी केली, सिताराम काट्यावरून हलला. पुढं चौकशी झाली, दोष ठरला, नोकरी गेली. त्याची. वैष्णवी काट्यावरच आहे.

आता आपलं दोघींचं. बोर्डावर तुझ्या नावापुढं मोबाइल नंबर आहे तो रामप्रसादचा. "तेवढा पेंटरकडून बदलून घ्या, बाई," तू म्हणालीस. मी हो म्हणाले. पेंटर पोखर्णीचा, आधी तो देवळाच्या रंगकामात अडकला, मग माझा गुडघा. सबबी लय हायत. नंबर तोच आहे, आणि दर शनिवारी तू तो लख्ख पुसतेस.